एकेक विचारायचं की गठ्ठ्यानं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या काही महिन्यांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत येतेय. कुणाला आपल्या गावातल्या सगळ्या गट नंबरांची माहिती हवी असते, कुणाला तालुक्यातल्या सगळ्या शाळांची, कुणाला एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची. माहिती ‘ऑनलाइन उपलब्ध’ असते, यात खोटं काही नाही. फक्त ती एकेक नंबर टाकून, एकेक कॅप्चा सोडवून, एकेक पान उघडूनच मिळते. तीनशे नोंदी हव्या असतील तर तीनशे खेपा. मग तिसाव्या खेपेला साइट बसते, किंवा आपणच बसतो.

यावर लोक म्हणतात, "सर्व्हरच भिकार आहे." असेलही. पण माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या मागचा आहे आणि तो संगणकापेक्षा बराच जुना आहे. शंभर गोष्टी विचारायच्या असतील तर शंभर वेळा दार वाजवायचं, की एकदाच वाजवून शंभराची यादी पुढे करायची? आणि यादी घ्यायची की नाही हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात खिडकी आहे तो. म्हणून मला हा विषय तंत्रज्ञांवर सोडून देण्यासारखा वाटत नाही.

सुरुवात पोस्टापासून करतो, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

पत्र पोचवण्यातला खर्च कागदाच्या वजनाचा फारसा नसतो, खेपेचा असतो. एक पत्र घेऊन एक माणूस नाशिकहून सावंतवाडीला गेला तर टपालखातं दिवाळखोर होईल. म्हणून पत्रं एका ठिकाणी गोळा होतात, कप्प्यांत पडतात, एकाच दिशेच्या पत्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधला जातो, असे गठ्ठे थैलीत जातात आणि थैलीला एकच चिठ्ठी लागते. वाटेतल्या माणसाला आतल्या दोनशे पत्त्यांशी काही देणंघेणं नसतं, तो फक्त थैलीची चिठ्ठी वाचतो. रेल्वेच्या टपाल डब्यात तर हे वर्गीकरण चालत्या गाडीत व्हायचं. जुन्या लोकांना आरएमएसचे ते लाल डबे आठवत असतील.

या गठ्ठेबाजीला आपल्याकडे खरी शिस्त लावली ती पिनकोडनं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवी-नाटककार. (टपाल आणि संस्कृत एकाच माणसात कसं नांदलं असेल, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.) सहा आकड्यांतले पहिले तीन पाहिले की पत्र कुठल्या वर्गीकरण जिल्ह्याच्या गठ्ठ्यात टाकायचं ते कळतं. उरलेले तीन तिथं पोचल्यावर बघायचे. महाराष्ट्र-गोव्याचा पिन ४ नं सुरू होतो, त्यातला गोवा ४०३. एकसारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, वाकडंतिकडं अक्षर, या सगळ्यावर तो उतारा होता. पण मुळात ती गठ्ठा लवकर बांधता यावा म्हणून केलेली सोय होती.

बँकांची गोष्ट याहून जुनी. अठराव्या शतकात लंडनमध्ये प्रत्येक बँकेचा कारकून दुसऱ्या प्रत्येक बँकेत चालत जायचा, आपल्याकडे आलेले त्यांचे चेक दाखवायचा आणि पैसे घेऊन परत यायचा. समजा तीस बँका आहेत. प्रत्येकाचा कारकून उरलेल्या एकोणतीस दारांत गेला तर रोजच्या ८७० खेपा झाल्या. १७७० च्या दशकात या कारकुनांनी मालकांना फारसं न विचारता आपला मार्ग काढला. लोम्बार्ड स्ट्रीटच्या परिसरातल्या एका गुत्त्यात सगळे जमायचे, आपापले चेक एकमेकांना द्यायचे, आणि शेवटी उरलेला फरक तेवढा रोखीत चुकता करायचे. त्यातूनच पुढे रीतसर क्लिअरिंग हाऊस उभं राहिलं. वायफळ चालून पाय दुखलेल्या माणसांनी लावलेला शोध आहे हा, कुठल्या तज्ज्ञ समितीचा नाही.

आज तुम्ही मोबाइलवरून एनईएफटी करता तेव्हा तेच घडतं. २००५ सालच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं ही सेवा सुरू केली तीच मुळी गठ्ठ्यांची म्हणून. १६ डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास चालते आणि दिवसाला दर अर्ध्या तासाचे ४८ गठ्ठे निघतात. अर्ध्या तासात जमलेले सगळे व्यवहार एकत्र घेऊन कुणाचं कुणाकडे निव्वळ किती निघतं ते काढलं जातं. आरटीजीएस मात्र प्रत्येक व्यवहार सुटा सुटा, लगेच मिटवते, म्हणून ती मोठ्या रकमांसाठी. दोन्हींची गरज आहे. कशाला घाई आहे आणि कशाला नाही, एवढंच ठरवायचं असतं.

आता संगणक. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा आपल्या लोकांनी बनवलेला संगणक सुरू झाला आणि १९६४ मध्ये तिथंच सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकन यंत्र आलं. त्या काळात संगणकासमोर बसून प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघायची, ही चैन कुणाला नव्हती. भोकं पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा. यंत्र एकामागून एक गठ्ठे गिळणार आणि तुमचं उत्तर कागदावर छापून नंतर मिळणार. यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा आणि माणसाचा वेळ स्वस्त, असा तो हिशेब होता.

पुढे उलटं झालं. यंत्र स्वस्त झालं, माणूस समोर बसला आणि त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लगेच हवंसं झालं. गठ्ठ्याची सवय सुटली. नेमक्या याच सुमाराला वेब आलं.

वेबची पहिली भाषा अगदी साधी होती. एचटीटीपीची १.० ही आवृत्ती १९९६ साली कागदावर आली. तिच्यात रिवाज असा की एक वस्तू मागायची, ती मिळाली की फोन ठेवायचा. दुसरी हवी तर पुन्हा डायल. एका पानावर वीस चित्रं असतील तर वीस वेळा "हॅलो, ऐकू येतंय का? हो, बोला" करायचं. १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीनं एकदा लागलेला फोन चालू ठेवायची सोय नेहमीची केली. तरीही प्रश्न एकामागून एकच जायचे आणि पुढचं उत्तर अडलं की मागचे सगळे ताटकळायचे. वेबवाल्यांनी मग पोस्टाचीच युक्ती वापरली. छोट्या छोट्या दहा-वीस चित्रांचं एक मोठं चित्र करायचं, ते एकदाच आणायचं आणि पानावर हवा तेवढा तुकडा दाखवायचा.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण तिच्यावर कुणाचाच इलाज नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला निदान सव्वाशे मिलिसेकंद हवेतच. केबल समुद्रातून वळणं घेत जाते, मध्ये यंत्रं असतात, म्हणून दोनशे धरू. एक प्रश्न असेल तर डोळ्याची पापणी लवायच्या आत झाला. पण हजार प्रश्न एकामागून एक विचारले तर दोनशे सेकंद, तीन मिनिटं वीस सेकंद, आणि एवढा सगळा वेळ नुसता प्रवासाचा. तेच प्रश्न पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यात पाठवले तर वीस खेपा, चार सेकंद. तुम्ही दहापट महागडा संगणक घेतलात तरी पहिल्या हिशेबातला एक सेकंदही कमी होणार नाही.

आता एपीआय हा शब्द. घाबरू नका. संकेतस्थळाच्या पुढच्या दारानं माणसं येतात, रंगीत पानं बघतात. एपीआय म्हणजे मागच्या बाजूची खिडकी, जिथं एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी बोलतो. सजावट नाही, जाहिरात नाही, फक्त मागणी आणि माहिती. २००० नंतर या खिडक्या उघडू लागल्या. ईबे २०००, अ‍ॅमेझॉन २००२, फ्लिकर २००४, गूगल मॅप्स २००५, ट्विटर २००६. आणि खिडकी उघडताच मालकांच्या लक्षात आलं की लोक एकेक नाव घेऊन दिवसभर दार बडवतायत.

मग दोन गोष्टी जोडीनं आल्या. एक, खेपांवर मर्यादा: तासाला किंवा पंधरा मिनिटांत इतक्याच मागण्या. दोन, गठ्ठ्याची सवलत: एका मागणीत अनेक नावं चालतील. ट्विटरनं एका खेपेत शंभर खात्यांची माहिती द्यायची सोय केली. विकिपीडियानं एका खेपेत पन्नास शीर्षकं ठेवली, खास परवानगीच्या खात्यांना पाचशे. विकिपीडियाच्या सूचनांत तर शिष्टाचार म्हणूनच लिहिलंय की मागण्या एकदम दहा बाजूंनी फेकू नका, एक संपली की दुसरी करा, आणि शीर्षकं मध्ये उभी रेघ देऊन जोडा. आडदांड गिऱ्हाइकाला रांग लावायला सांगणारा आणि यादी आणली तर पटकन काम करून देणारा वाणी आठवतो मला.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आपल्या तालुक्यातल्या कुठल्या गावावर मराठी विकिपीडियात लेख आहे आणि कुठल्यावर नाही, हे मला बघायचं होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. इतक्या वर्षांत आपली गावं तिथं पोचली का, हा बातमीचाच विषय आहे. तालुक्यातली गावं सव्वाशेहून थोडी जास्त. ओळखीचा एक कॉलेजचा पोरगा मदतीला बसला. त्यानं आधी एकेका गावासाठी एकेक मागणी असा सव्वाशे खेपांचा बेत केला होता. वाचल्यावर कळलं, तीन खेपांत काम होतं. पन्नास, पन्नास आणि उरलेली.

तीन खेपांत झालंही. पण गठ्ठ्यानं विचारायला लागलं की गठ्ठ्याच्या भानगडीही येतात, आणि त्याच मला जास्त रंजक वाटल्या.

पहिली भानगड म्हणजे उत्तरं विचारलेल्या क्रमानं येत नाहीत. यादीत पहिलं असलेलं गाव उत्तरात तिसाव्या जागी असू शकतं. उत्तर मोजून ताळा लावलात तर फसलात, नाव जुळवूनच लावायला हवं. नावाची जुळणीही सोपी नाही, कारण विकिपीडिया तुमचं शीर्षक आपल्या पद्धतीनं नीट करून घेतं आणि ‘तुम्ही हे म्हणालात, मी ते धरलं’ अशी वेगळी नोंद देतं. ती वाचली नाही तर असलेलं गाव नसलेलं दिसतं.

दुसरी भानगड आपली, घरची. जनगणनेच्या यादीत ‘बु.’ आणि लेखात ‘बुद्रुक’. एकीकडे ‘गाव’, दुसरीकडे अजूनही अनुस्वारासकट ‘गांव’. कुठं ‘खुर्द’च्या आधी मोकळी जागा, कुठं जोडून. शिवाय महाराष्ट्रात पिंपळगावं किती असतील ते देवच जाणे. विचारलेल्या पन्नास नावांत जी सापडली नाहीत ती यंत्र ‘नाही’ म्हणून परत देतं. त्यातलं खरंच नाही कोण आणि फक्त स्पेलिंगमुळे हरवलंय कोण, हे बघायला माणूसच लागतो. आम्ही ‘नाही’ आलेल्या गावांचा पुन्हा एक गठ्ठा केला, प्रत्येकाची दोन-तीन संभाव्य रूपं घातली आणि परत पाठवला. बरीच गावं दुसऱ्या फेरीत सापडली. सुटं सुटं विचारत बसलो असतो तर या दुसऱ्या फेरीचा कंटाळा केला असता, आणि निम्म्या तालुक्याला ‘लेख नाही’ असं छापून मोकळे झालो असतो.

तिसरी भानगड मला सगळ्यात लागली. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं प्रवास करत नाही. प्रत्येक देवनागरी चिन्हाचे, म्हणजे अक्षराचे आणि काना-मात्रेचे वेगवेगळे, तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाच्या नऊ खुणा. ‘मालेगाव’ या शब्दात काने-मात्रे धरून सात चिन्हं, त्याच्या ६३ खुणा झाल्या. इंग्रजीत तेच नाव आठ खुणांत बसतं. असं पन्नास गावांचं करा. पत्ता साडेतीन-चार हजार खुणांवर जातो आणि नावं लांब असली तर त्याच्याही पुढे. सर्व्हर पत्त्याची लांबी अमर्याद घेत नाहीत. अपाचे या गाजलेल्या सर्व्हरची मुळातली मर्यादा ८१९० बाइटची आहे. इंग्रजीवाल्याला पन्नासचा गठ्ठा सहज बसतो, आपल्याला आधी मोजावं लागतं. उपाय आहे: यादी पत्त्यात न लिहिता मागणीच्या पोटात घालून पाठवायची. लिफाफ्यावर न लिहिता आतल्या कागदावर लिहायचं, तसं. पण हा उपाय शोधायची पाळी मराठीवर येते, इंग्रजीवर क्वचितच, हे नोंदवून ठेवतो.

आणि हो, उत्तर मोठं असेल तर एका खेपेत सगळं येतही नाही. शेवटी ‘पुढे चालू’ अशी खूण येते आणि ती घेऊन परत जावं लागतं. ही खूण न बघता अर्ध्या माहितीवर तावातावानं लेख लिहिलेले लोक मी पाहिलेत. (पत्रकारितेत यासाठी संगणकही लागत नाही म्हणा.)

गठ्ठ्याची एक काळी बाजूही आहे. ती सांगितली नाही तर हिशेब अर्धवट राहील.

१९९८ साली एक्सएमएल-आरपीसी नावाची पद्धत आली. यंत्रानं यंत्राला काम सांगायची ती सुरुवातीची रीत. पुढे तिला एक जोड मिळाली, मल्टिकॉल. एका मागणीत अनेक कामं भरा, सगळ्यांची उत्तरं एकत्र घ्या. सोय चांगली होती आणि वर्डप्रेसनंही ती आपल्यात घेतली. आपल्या इकडच्या बातम्यांच्या कितीतरी छोट्या साइट वर्डप्रेसवर चालतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. २०१५ च्या ऑक्टोबरात सुकुरी या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की चोर हीच सोय वापरतायत. साधारण राखणदार काय मोजतो? दारावर किती थापा पडल्या ते. एका पत्त्यावरून मिनिटाला शंभर थापा आल्या की तो दार लावतो. चोरांनी एकाच थापेत शेकडो पासवर्ड भरून पाठवायला सुरुवात केली. राखणदाराच्या वहीत एकच खेप, आत मात्र शेकडो किल्ल्या लावून बघितल्या जातायत. वर्डप्रेसच्या ४.४ या आवृत्तीत मग असं केलं की गठ्ठ्यातली पहिली किल्ली चुकली की त्या गठ्ठ्यातल्या पुढच्या सगळ्या आपोआप बाद.

यातून धडा घेऊन पुष्कळांनी मोजण्याची पद्धत बदलली. फेसबुकनं एका गठ्ठ्यात पन्नास मागण्या चालतील असं ठेवलं, पण मर्यादेच्या हिशेबात प्रत्येक मागणी वेगळी मोजली. गूगल मॅप्सच्या अंतर काढणाऱ्या सेवेत तुम्ही दहा गावांपासून दहा दवाखान्यांचं अंतर एका खेपेत मागू शकता, पण बिल होतं शंभर जोड्यांचं. म्हणजे गठ्ठ्यानं वेळ वाचतो, पैसे वाचतीलच असं नाही. मला यात गैर काही वाटत नाही. थैली एक असली तरी पोस्टमनला दोनशे दारांत जायचंच असतं.

घरातल्या घरात फेसबुकनं केलेलं काम मात्र वेगळं आणि सुरेख आहे. एक पान दाखवायचं तर आधी पन्नास प्रतिक्रिया आणायच्या आणि मग प्रत्येक प्रतिक्रियेसाठी लिहिणाऱ्याचं नाव आणायला एकेक खेप. एक अधिक पन्नास. तंत्रज्ञ याला ‘एन अधिक एक’चं दुखणं म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना "बाबांनो, एकत्र मागा" असं किती वेळा सांगणार? २०१० साली तिथल्या निक श्रॉक यांनी ‘लोडर’ नावाची रचना केली आणि त्याच कल्पनेवरचं ‘डेटालोडर’ २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात ज्याला जे हवं ते त्यानं सुटंच मागायचं. मधला कारकून क्षणभर थांबतो, त्या क्षणात आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करतो, एकाच नावाच्या दोन असतील तर एक काढून टाकतो, एकच खेप करतो आणि ज्याचं त्याला वाटतो. अट इतकीच की जितके विचारले तितकीच उत्तरं, आणि त्याच क्रमानं, द्यायची. लोम्बार्ड स्ट्रीटच्या कारकुनांना हे लगेच कळलं असतं.

२०१५ मध्येच एचटीटीपीची दुसरी आवृत्ती आली. एकाच तारेवरून अनेक प्रश्न एकाच वेळी, एकमेकांची वाट न अडवता जायला लागले. काहींनी जाहीर करून टाकलं की आता गठ्ठ्याची गरजच संपली. चित्रांच्या बाबतीत ते बरंचसं खरं ठरलं. पण रस्ता रुंद झाला म्हणून कचेरीतल्या बाबूचं काम कमी होत नाही. हजार सुटे प्रश्न पोचले तर आत हजार वेळा कपाट उघडावं लागणारच, आणि खेपांची मर्यादाही तशीच राहते.

मग २०२३ आलं. फेब्रुवारीत ट्विटरनं फुकटची एपीआय बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी रेडिटनंही मोठ्या वापरासाठी पैसे लावले. संशोधक, छोटे प्रयोग करणारे, हौशी लोक, सगळे बाहेर. ज्यांनी वर्षानुवर्षं नेटकेपणानं शंभराशंभराचे गठ्ठे करून शिष्टाचार पाळला होता तेही बाहेर. खाजगी मालकाची खिडकी, त्याची मर्जी. आपण फार तर नाराज होऊ शकतो.

सरकारी खिडकीचं मात्र तसं नाही. तिथली माहिती आपल्या पैशानं गोळा झालेली आहे.

२०१२ साली केंद्र सरकारनं माहिती खुली करण्याचं धोरण आणलं आणि डेटा डॉट जीओव्ही डॉट इन हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथं अख्ख्या याद्या उतरवून घेता येतात, काहींना एपीआयसुद्धा आहे. चांगली गोष्ट आहे, वापरा. पण तुमच्या-माझ्या रोजच्या भांडणाची माहिती, जमिनीची, कामांच्या बिलांची, टँकरच्या फेऱ्यांची, ती अनेकदा जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीवर एकेक नोंद करूनच बघावी लागते. एक नोंद दाखवायला कुणाची हरकत नसते. तीनशे एकत्र मागितल्या की कपाळावर आठी येते. कारण एका नोंदीतून फक्त एका माणसाचं काम होतं. तीनशे शेजारी शेजारी ठेवल्या की एकाच ठेकेदाराचं नाव किती वेळा आलं, एकाच दिवशी एकच टँकर दोन गावांत कसा गेला, ते दिसायला लागतं. कॅप्चा यंत्राला अडवण्यासाठी असतो हे मान्य, वर सांगितलेले चोर खरेच आहेत. पण मग यादीची वेगळी खिडकी ठेवा, नावनोंदणी करून घ्या, मर्यादा घाला. विकिपीडिया लोकांच्या देणग्यांवर चालतं, तरी त्याला हे जमलं.

कागदावरसुद्धा आपल्याकडे तोच नियम आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? माहिती अधिकार कायदा २००५ चा. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत अर्ज साधारण ५०० शब्दांचा असावा असं म्हटलंय आणि तो लांबला म्हणून फेटाळता येणार नाही, असंही लगेच स्पष्ट केलंय. महाराष्ट्रानं २०१२ च्याच जानेवारीत आपल्या नियमांत दुरुस्ती केली. अर्ज साधारण दीडशे शब्दांचा, आणि एका अर्जात एकच विषय. दुसरा विषय घातलात तर माहिती अधिकाऱ्यानं पहिल्याचं उत्तर द्यावं आणि बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सांगावं, अशी मुभा आहे. प्रत्येक अर्जाला दहा रुपये. दहा रुपयांचं काही नाही हो. पण प्रत्येक अर्जाची वेगळी पोच, वेगळे तीस दिवस, वेगळं अपील. पोस्ट, बँका, संगणक, सगळे जग खेपा कमी करायच्या मागे असताना इथं खेपा वाढवायचा नियम झाला. अर्जांच्या ढिगाऱ्यावर उपाय म्हणून तो आणला असेल तर ढिगारा त्यानं कमी कसा होणार, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. एकाचे पाच अर्ज झाले तर आवक नोंदवहीत पाच ओळी वाढतात.

यातून एक वाट निघते ती सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत. ‘विषय’ एकच ठेवायचा आणि त्याच्या पोटात यादी मागायची. ‘अमुक गावातल्या टँकर फेऱ्या’ असे बारा अर्ज करू नका. ‘तालुक्यातील टँकर फेऱ्यांची नोंदवही, अमुक ते अमुक कालावधी’ असा एकच विषय लिहा. नोंदवही हा गठ्ठा कार्यालयानं आधीच बांधून ठेवलेला असतो, आपण तो फक्त मागायचा. आणि माहिती संगणकावर असेल तर त्याच रूपात, एक्सेलमध्ये किंवा सीडीवर मागा. कायद्याच्या कलम ७(९) मध्ये माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यावी असं आहे. त्याला अपवाद आहेत, पण ते कार्यालयानं लेखी सांगायचे. तीनशे झेरॉक्स हातात पडल्या तर पुन्हा एकेक वाचत बसणं आलंच.

गावांच्या यादीचं काम अजून चालू आहे. ज्या गावांची नावं दुसऱ्या फेरीतही सापडली नाहीत ती खालच्या फोटोत दिली आहेत. तुमच्या गावाचं नाव जुन्या सात-बारावर, एसटीच्या पाटीवर किंवा शाळेच्या दाखल्यावर वेगळं लिहिलेलं असेल तर ते रूप तेवढं कळवा. रविवारी रात्री सगळी एकत्र करून तिसरा गठ्ठा पाठवतोय.